सातवी फळी

नकाशात त्यांना नावं आहेत,
कुणा जुन्या मोजणीदाराच्या मुलींची.
इथं ती कुणी वापरत नाही.
इथं पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं,
मग भाताचं,
आणि शेवटचं नुसतंच खालचं.
सहा तळी, एकाच ओढ्यात ओवलेली,
मिनेसोटाच्या वरच्या अंगाला,
जिथं मे महिन्यातही सावलीत बर्फ सापडतो.

मी गुरांची डॉक्टर.
सतरा वर्षं या काठांनी गाडी हाकतेय.
कुठल्या गोठ्यात कुठली गाय अडली ते मला ठाऊक,
कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे तेही.
गाय विताना माणसं
फार काळ गप्प राहू शकत नाहीत.

भाताच्या तळ्याच्या तोंडाशी बांध आहे.
सिमेंटच्या खाचेत सहा फळ्या,
एकीवर एक.
एल्वीरा सॉलबर्ग, वय एक्याऐंशी,
किल्ली तिच्या एप्रनच्या खिशात.
त्या वर्षी सभेनं ठरवलं: सातवी घाला.
वरच्या तळ्यांना पाणी हवं काठोकाठ,
त्यांचे लाकडी धक्के, त्यांच्या बोटी,
शनिवारी शहरातून येणारे जावई.
एल्वीरानं घातली. हात वर झाले होते,
तिनं मोजले होते.

पण जूनमध्ये रानभाताची पानं
पाण्यावर आडवी निजलेली असतात,
वेणीतून सुटलेल्या फितींसारखी.
तेव्हा पाणी वीतभर चढलं
की रोप मुळासकट वर येतं, तरंगतं,
आणि मग त्या वर्षी भात नाही.
डेल्फीन बोशीनं हे सभेत सांगितलं होतं, उभं राहून.
तिची आजी, पणजी याच पाण्यात
होडीत बसून भात झोडपायच्या.
लोकांनी ऐकलं. कॉफी ओतून घेतली.

त्या रात्री रायमरच्या गोठ्यात
वासरू उलटं होतं.
खांद्यापर्यंत हात आत, दोन तास.
तीन वाजता परतताना
बांधावर कंदील दिसला.
एल्वीरा, नवऱ्याचे रबरी बूट घातलेली,
आकडीनं फळी ओढत होती.
आणि दुसऱ्या टोकाला डेल्फीन.
कुणी बोलत नव्हतं.
पाणी तेवढं बोलत होतं, मोकळं झाल्यासारखं.
मी दिवे मंद केले.
का केले, मला सांगता येणार नाही.

शुक्रवारपर्यंत वरचे धक्के
उघड्या पायांनी चिखलात उभे.
मंगळवारी चर्चच्या तळघरात सभा.
चौथ्या तळ्यावरचा निवृत्त विमावाला मला म्हणाला,
"त्या रात्री रस्त्यावर तुमचीच गाडी होती ना?"
एल्वीरा समोर बसून
लिंबाच्या वड्या कापत होती,
एकसारख्या, चौकोनी.
मी म्हटलं, "धुकं होतं."
धुकं नव्हतं. चांदणं होतं,
इतकं की तिच्या बुटांवरचं ठिगळ दिसलं होतं.

आमच्याकडे म्हणतात, तळं राखी तो पाणी चाखी.
मी ते एकदा एल्वीराला सांगून पाहिलं,
मोडक्यातोडक्या भाषांतरात.
ती म्हणाली, "मला पोहताही येत नाही."
आणि विषय संपला.

सप्टेंबरात दारात एक पिशवी,
चिठ्ठी नाही.
काळा, लांब, धुराचा वास असलेला भात.
मी कुकरला लावला, तीन शिट्ट्या,
सवयीनं वर तूप सोडलं.
दाताखाली थोडा कचकचला.
पुष्कळ खाल्ला.

मग एकदा डेल्फीनच्या म्हाताऱ्या कुत्र्याला बघायला गेले.
मागच्या अंगणात कढई, खाली जाळ,
तिचा नातू लाकडी वल्ह्यानं भात परतत होता.
"बस," ती म्हणाली.
दोन ओंडक्यांवर टाकलेलं बाक,
जुन्या, जड ओकचं,
कडेला अजून शेवाळाची हिरवी रेघ,
दोन्ही टोकं खाचेत बसतील अशी तासलेली.

मी कुत्र्याचे दात पाहिले, कान पाहिले.
मग बसले.